‘कर नाही त्याला डर कशाला?’

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून ते गाळून आणि जरा आटोपशीर करून देतो.

“मागच्या वर्षी आमच्याकडे चोरी झाली. आम्ही संध्याकाळी दोन तास बाहेर होतो, तेवढ्यात आईच्या दोन बांगड्या कपाटातून गेल्या. तिची म्हणून राहिलेली तेवढीच वस्तू होती. दाराचं कुलूप तोडलेलं नव्हतं. दोनच दिवस आधी पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला एक मुलगा येऊन गेला होता. पोलिसांनी तिसऱ्या दिवशी त्याला उचललं. आधी म्हणाला, त्या संध्याकाळी मी घरी झोपलो होतो. मग म्हणाला, मित्राकडे होतो. झडतीत काही मिळालं नाही. परवा कोर्टाने त्याला ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडलं. फायदा त्याला, मग आम्हाला काय? माझं म्हणणं साधं आहे. चोरी केली नसेल तर तसं त्याने सिद्ध करावं. कर नाही त्याला डर कशाला? माझी मुलगी कायद्याचं शिकते. ती म्हणते, ‘आई, तो निर्दोष आहे, तू त्याला चोर म्हणायचं नाही.’ त्यावरून आमचा अबोला आहे. आमच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय. खाली ‘सावध राहा’ एवढंच लिहून मीही पुढे पाठवावा असं सगळे म्हणतात. पाठवू का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा अंगठा बहुधा बटणावरच असेल. पाठवू नका. का, ते ओघात येईलच.

फौजदारी कोर्टात माझी तीस वर्षं गेली, कधी आरोपीच्या बाजूने, कधी फिर्यादीच्या. ‘संशयाचा फायदा’ हे शब्द उच्चारले गेले की फिर्यादी आधी आपल्याच माणसांकडे बघतो. ‘म्हणजे आम्ही खोटं बोललो का?’ असं त्या नजरेत असतं. तुमच्या बाबतीत कोर्टाने तसं काही म्हटलेलं नाही. बांगड्या गेल्या यावर कोणी शंका घेतलेली दिसत नाही. त्या याच मुलाच्या हातांनी गेल्या, एवढी एक गोष्ट सिद्ध झाली नाही. आणि सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचं, हा कोर्टाचा नियम.

आता तुमची म्हण. मीही लहानपणापासून ऐकत आलोय आणि पहिली काही वर्षं वकिली करताना मनातून मानतही होतो.

तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार घ्या. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ तुम्ही कुठे होतात? नुसतं सांगून चालणार नाही, सिद्ध करायचं. तुमचं पत्र आल्यावर मी हा प्रयोग स्वतःवरच केला. मी घरी होतो, बहुतेक. बायको बहिणीकडे गेली होती. फोन घरात होता, पण फोन घरात होता म्हणून मी घरात होतो असं थोडंच आहे? त्या दोन तासांत मी कोणाला फोन केला नाही, काही विकत घेतलं नाही, दार उघडलं नाही. शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “हो, तुमचा खोकला ऐकू आला होता. पण तो मंगळवारी की बुधवारी?” शिवाय त्यांचा माझ्यावर लोभ आहे, म्हणजे समोरचा वकील त्यांना लगेच हितसंबंधी साक्षीदार ठरवणार. पाऊण तास डोकं खाजवून माझ्या हाती लागला एक खोकला, तोही तारखेशिवाय. आणि हा प्रश्न मला घरच्या खुर्चीत बसून पडला होता. कोठडीत, दोन रात्री झोप नसताना, टेबलापलीकडून कोणी ओरडत विचारला असता तर मीही आधी ‘झोपलो होतो’ म्हणालो असतो आणि मग ‘नाही नाही, मित्राकडे होतो’.

खऱ्या चोराला मात्र ठाऊक असतं की मंगळवारच्या त्या दोन तासांचा हिशेब एक दिवस मागितला जाणार आहे. तो आधीच तयारीत राहतो. कोणाला तरी भेटून ठेवतो, एखादी पावती खिशात ठेवतो, सांगायची गोष्ट घोकून ठेवतो. ज्याने काही केलेलं नाही त्याला तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच असतो. म्हणून निर्दोषपणा सिद्ध करायला लावलं की त्या परीक्षेत पहिला नंबर पुष्कळदा चोराचाच येतो. कर नाही, नेमकी त्यालाच डर असते, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतं.

माझीच एक गोष्ट सांगतो, फारशी अभिमानाची नाही. ऑफिसात एका अशिलाने दिलेलं पैशांचं पाकीट दिसेना. नवा कारकून रुजू होऊन महिना झाला होता. मी त्याला समोर बसवून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “मी पाहिलंच नाही साहेब.” मनात आलं, किती निगरगट्ट आहे. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि मला वाटलं, आता सापडला. त्याने न सांगता पिशवी टेबलावर उपडी केली: डबा, छत्री, एक वही, औषधाची पट्टी. तेव्हा मी मनात म्हटलं, पाकीट आधीच बाहेर पोचवलेलं दिसतंय. तो शांत राहिला, घाबरला, झडती दिली, आणि या तिन्हींचा मी एकच अर्थ लावला. चौथ्या दिवशी पाकीट माझ्याच एका फायलीत, मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं निघालं. मी माफी मागितली, तो ‘असू द्या’ म्हणाला, आणि महिनाअखेरीस नोकरी सोडून गेला. त्या चार दिवसांत मी फायली का धुंडाळल्या नव्हत्या? चोर मिळालाय असं वाटल्यावर पाकीट कोण शोधतो?

माझ्या टेबलाशी घडलं ते सरकारी यंत्रणेच्या हातून घडलं की काय होतं, ते जपानच्या इवाओ हाकामादा यांच्या खटल्यात दिसतं. १९६६ साली शिझुओका प्रांतात मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, एका कारखान्याच्या संचालकाचा, त्याच्या बायकोचा आणि दोन मुलांचा खून झाला आणि घर पेटवून दिलं गेलं. हाकामादा तिथे कामगार होते, पूर्वीचे मुष्टियोद्धे. पोलिसांची नजर त्यांच्यावर बसली. जवळजवळ वीस दिवस, रोज सरासरी बारा-बारा तास चौकशी चालली आणि त्यांनी कबुली दिली. कोर्टात ती त्यांनी नाकारली.

सरकार पक्षाचं आधीचं म्हणणं होतं की खून करताना हाकामादांच्या अंगावर रात्रीचे कपडे, पायजमा होता. खुनानंतर चौदा महिन्यांनी, खटला चालू असताना, कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग असलेले पाच कपडे सापडले. त्यात पायजमा नव्हता. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? की कबुली चुकीची दिसते, पुन्हा पहिल्यापासून बघू. सरकार पक्षाने पायजमा बदलला आणि माणूस तोच ठेवला. पुढे अपिलात हाकामादांना त्या कपड्यांतली विजार घालून बघायला लावली, तर ती मांड्यांच्या वर चढेना. उत्तर तयार होतं: मिसोत भिजून आटली असेल, शिवाय तुरुंगात हा जाड झाला असेल. विजारीच्या पट्टीवरचं ‘बी’ हे अक्षर मापाचं आहे असं सांगितलं गेलं होतं, ते रंगाचं निघालं. तरीही विजार हाकामादांचीच राहिली.

१९६८ साली फाशीची शिक्षा झाली, १९८० साली ती कायम झाली. २०१४ साली फेरखटल्याचा आदेश होऊन ते बाहेर आले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, निर्दोष ठरले. ते कपडे म्हणजे तपास यंत्रणेने रचलेला पुरावा होता, असं कोर्टाने म्हटलं. त्यांना पहिली शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने २००७ साली जाहीर सांगितलं होतं की आपल्याला तेव्हाच हा माणूस निर्दोष वाटत होता, पण बाकीचे दोघे ऐकेनात. उद्या सकाळी फाशी होईल का, या प्रश्नाने दर दिवशी उठत काढलेल्या दशकांनी त्यांच्या मनाचं जे व्हायचं ते केलं होतं. निकाल त्यांच्या वतीने त्यांच्या वृद्ध बहिणीने ऐकला. तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या.

आता बघा, निर्दोष मानण्याचं तत्त्व कागदावर जपानमध्येही होतं. ते कागदावर असून भागत नाही. चौकशीच्या खोलीत ते नसलं तर कोर्टात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ म्हणताना आपण संन्याशासाठी हळहळतो. त्या म्हणीतले पहिले दोन शब्द मात्र कोणी नीट ऐकत नाही. चोर सुटला! त्या चार जणांचा खून कोणी केला? ५८ वर्षांनंतर कोणालाच सांगता येत नाही, कारण शोध पहिल्याच उन्हाळ्यात थांबला होता. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे वर्षानुवर्षांनी सुटलेल्या कैद्यांच्या कितीतरी प्रकरणांत त्याच चाचणीने खरा गुन्हेगार सापडला, आणि दुसरा माणूस त्याच्या जागी तुरुंगात असताना तो बाहेर आणखी गुन्हे करत फिरत होता असं निघालं. तुम्ही लिहिता की पोलिसांनी तिसऱ्या दिवशी मुलाला उचललं. चौथ्या दिवशी त्यांनी काय केलं, ते तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं, ते कुठेच नसेल.

तुमचा मुद्दा, तो नुसता नाकारून कसा सुटतो, नवा नाही. चौथ्या शतकात, ज्युलियन अजून रोमचा सम्राट व्हायचा होता तेव्हा, त्याच्यापुढे एका माजी प्रांताधिकाऱ्यावरचा अपहाराचा खटला आला. पुरावा अपुरा आणि आरोपी ठाम नाकारतोय. आरोप करणारा वकील वैतागून म्हणाला, नुसतं नाकारणं पुरत असेल तर जगात दोषी कोण ठरेल? ज्युलियनने विचारलं, आणि नुसता आरोप पुरत असेल तर निर्दोष कोण ठरेल? तुमची आणि तुमच्या लेकीची जुंपली ती हीच, मधली सोळाशे-सतराशे वर्षं सोडली तर.

मधल्या काळात उलटा न्याय करूनही पाहिलाय माणसांनी. ‘दिव्य’ हा शब्द आपण अजून वापरतो, कुठून आला ते विसरून. तापलेलं लोखंड हातात धरायचं, उकळत्यातून वस्तू काढायची, मग हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी फोड बघायचे. ज्याच्यावर आळ त्यानेच स्वतःला शुद्ध करून दाखवायचं. युरोपात १२१५ साली चर्चने आपल्या पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला बंदी केली आणि ती पद्धत मोडीत निघत गेली.

ती पूर्ण गेली असं मात्र समजू नका. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली. छोटी टपालकार्यालयं चालवणाऱ्यांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. संगणक बरोबर चालतोय असं तिथला कायदा गृहीत धरत होता. म्हणजे उरलं काय? तूट तुम्ही खाल्ली, किंवा खाल्ली नाही हे तुम्ही दाखवा. दाखवणार कसं, संगणकाच्या आतल्या नोंदी खात्याकडे! अनेकांना वर हेही ऐकवलं गेलं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. कोणी घर गहाण टाकून तूट भरली, कोणी तुरुंगात गेलं, काहींनी जीव दिला. ९००हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. प्रणालीतल्या चुकांमुळेच अशी तूट दिसू शकत होती, हे २०१९ साली कोर्टात ठरलं आणि २०२४ साली खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. यातल्या कित्येकांनी गुन्हा ‘कबूल’ही केला होता. कबूल केलं तर तुरुंग टळेल, असं त्यांना समजावलं गेलं होतं. कर नव्हता, डर होती.

तुमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर मी वकिली करतोय असं वाटेल. या नियमाची किंमत आहे आणि ती खरी आहे. काही चोर सुटतात. हा मुलगाही त्यातला असू शकतो, मला काय माहीत. ती किंमत या खेपेला तुमच्या घरावर पडली, आणि ‘दहा दोषी सुटले तरी चालतील’ हे वाक्य ज्याचं काही गेलेलं नाही त्याने ज्याचं गेलंय त्याला ऐकवू नये. पण मी एवढंच विचारेन: शंका उरली तर तिचं नुकसान कोणी सोसायचं? एका बाजूला पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी वकील, झडतीचा अधिकार. दुसऱ्या बाजूला यंत्र दुरुस्त करणारा एक मुलगा. सिद्ध करायचं ओझं जड आहे हे मान्य, म्हणून तर ते ज्याच्या पाठीला पेलवतं त्याच्यावर ठेवलंय.

अपवाद आहेत. अमली पदार्थ, दहशतवाद, काळा पैसा अशा गुन्ह्यांत बऱ्याच देशांचे कायदे काही ओझं आरोपीवर सरकवतात. बॅग तुझ्या हातात सापडली, आत काय होतं ते माहीत नव्हतं हे तू सांग, अशा धर्तीवर. ज्या गोष्टीचं उत्तर फक्त त्याच माणसाला ठाऊक असणार तिथे त्यात थोडं तथ्यही आहे, पण बॅग त्याच्या हातात होती हे तरी आधी सरकारने दाखवायला हवं. मला असले कायदे धोक्याचे वाटतात. एका भयंकर गुन्ह्यासाठी म्हणून खिडकी उघडायची, आणि पुढे किरकोळ गुन्हेही त्याच खिडकीतून आत येतात. शिवाय जामीनच मिळत नसेल तर शेवटी ‘निर्दोष’ लिहिलेला कागद हातात येईपर्यंत शिक्षा भोगून झालेली असते.

लेकीला पण दोन शब्द. ‘तो निर्दोष आहे’ हे वाक्य तिने आईला असं फेकून मारायला नको होतं. कायद्याचं गृहीतक कोर्टासाठी, पोलिसांसाठी, सरकारसाठी असतं. शिक्षा देण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्याला ते बांधतं. आईने मनात काय मानावं यावर कायद्याचा हुकूम चालत नाही आणि चालू नये. संशय घ्यायला पोलिसांनाही बंदी नाही, नाहीतर तपास सुरूच व्हायचा नाही. तुम्हाला तो मुलगा चोर वाटतो, तर वाटू द्या. तुमच्या मनातून ही गोष्ट ग्रुपवर गेली की मात्र तुम्ही शिक्षा देऊ लागता, आणि त्या शिक्षेला मुदत नसते, अपील नसतं.

फोटोचं व्यवहारी कारणही आहे. बदनामीचा दावा तुमच्यावर होऊ शकतो, तो सोडाच. उद्या या चोरीचा एखादा खरा साक्षीदार पुढे आला, कोणीतरी जिन्यात कोणाला पाहिलेलं असलं, तर त्याची ओळख पटवण्याची साक्ष तुमच्या ग्रुपनेच मातीत घातलेली असेल. फोटो दहा वेळा बघितलेल्या माणसाला ओळख परेडीत तोच चेहरा ओळखीचा वाटणार. बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. मी तरी विचारला असता. ग्रुपवाल्यांना सांगा, आहे तोही काढा.

त्याऐवजी निकालपत्राची प्रत काढा. लेक वकिलीचं शिकते ना, तिला वाचायला बसवा, अबोला मोडायला तेवढं निमित्त पुरे. शेवटचं पान लगेच उघडू नका. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीपासून सुरुवात करा. कपाटावरचे ठसे घेतले होते का? मित्राला विचारलं होतं का, की दोन जबाब जुळले नाहीत एवढ्यावरच थांबले? बांगड्यांचं वर्णन सराफांना कळवलं होतं का? सरकार पक्षाला अपील करता येतं का, कुठल्या मुदतीत, ते सरकारी वकिलांना लेखी विचारा आणि पोच घ्या. बांगड्या घातलेला आईचा जुना फोटो असेल तर त्याची चांगली प्रत तपासाच्या कागदात लावायला सांगा.

आणि ते कुलूप. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात: तोडलेलं नव्हतं. यंत्र दुरुस्त करायला आलेल्या मुलाला किल्ली दिली होती का? तुमच्या पत्रात तसं नाही. मी आता दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाही, तो उद्योग या प्रकरणात एकदा करून झालाय. किल्ली किती जणांकडे होती, कधी हरवली होती का, नवी कोणी करून आणली, याची यादी करा आणि तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्या. यादीत पहिली ओळ तुमच्या स्वतःच्या किल्लीची असू द्या, आणि त्या संध्याकाळी ती नेमकी कुठे होती, तेही पुढे लिहा.